धीर कुणाचा बघायचा, आपला का कंपनीचा?

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला मेहुण्याचा फोन. "दाजी, एक छोटी कंपनी सापडलीय, आता निकोटीनमध्ये उतरणार म्हणे, लाँग टर्मला घेऊन टाकू का नको?" मी म्हणलं लाँग टर्म म्हंजे किती रे बाबा, तर म्हणला डबल होईपर्यंत. आता ही काय मुदत झाली का? पण प्रश्न वाईट नव्हता, नुसता अर्धा होता, आणि त्याला फोनवर तासभर जे सांगितलं (बायको शेवटी लाईट बंद करून झोपली) तेच इथं जरा नीट लिहून काढतोय. मी सेबीकडं (शेअर बाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेला सल्लागार वगैरे नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांचे हिशेब लिहितो, जीएसटी भरतो, आणि गेली पंधरा वर्षं स्वतःचे पैसे बाजारात घालून थोडे कमावलेत, थोडे घालवलेत. त्यामुळं हा घ्या तो घ्या असलं काही सांगणार नाही, विचारू पण नका.

सोलापूरच्या माणसाला तंबाखू म्हंजे काय हे सांगायची गरज नाही. आमच्या शेजारच्या मावशी चाळीस वर्षं विड्या वळतात. तेंदूची पानं भिजवून ठेवायची, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, चिमूटभर घालून पान वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, आणि हे सगळं टीव्हीवरची सीरियल बघत, आमच्याशी बोलत, हात एकदा पण न थांबता. मजुरी हजार विड्यांवर, आणि कारखान्यात द्यायला गेल्यावर छाटणीत बाजूला टाकल्या त्या गेल्या. हा धंदा गावात किती मोठा आहे ते बघायचं असेल तर कुंभारीला जाऊन या, एकट्या विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरांची वसाहत आहे तिथं, गोदूताई परुळेकरांच्या नावानं.

त्या सुपातल्या तंबाखूत जी तलफ लावणारी वस्तू आहे ती निकोटीन. झाड ते किड्यांपासून वाचायला बनवतं, म्हणून तर पूर्वी निकोटीन सल्फेट कीटकनाशक म्हणून विकलं जायचं. माणसाला सवय लावतं ते निकोटीन, पण कॅन्सर आणि फुफ्फुसाची वाट लावण्यात मोठा वाटा असतो जळालेल्या धुरातल्या बाकीच्या घाणीचा. (निकोटीन म्हंजे तुळशीचा रस असं पण समजू नका, त्यानं नाडी वाढते, बीपी वाढतं, आणि पोराटोरांना तर ते लागूच नये.) आता जगात जो नवा निकोटीनचा बाजार म्हणतात तो सगळा या एका फटीतून निघालाय, की तलफेची वस्तू द्यायची पण धूर द्यायचा नाही. च्युइंग गम, चोखायच्या गोळ्या, चामडीला चिकटवायचे पॅच, ओठाखाली ठेवायचे पाऊच, आणि ती वाफेची यंत्रं, म्हंजे ई-सिगारेट.

म्हणून "कंपनी निकोटीनमध्ये उतरणार" असं कुणी म्हणलं की आधी विचारायचं, कुठल्या पायरीवर? कारण वरनं एकच नाव दिसतं पण आत धंदे तीन वेगवेगळे आहेत.

पहिला धंदा केमिकलचा. तंबाखूचा चुरा, देठं, जे विडी-सिगारेटला चालत नाही ते घेऊन त्यातनं निकोटीन काढायचं आणि औषधाच्या दर्जाचं शुद्ध करून विकायचं. ऐकायला सोपं आहे, पण शुद्ध निकोटीन हे तेलकट पातळ द्रव असतं, हवा आणि उजेड लागला की तपकिरी पडतं, म्हणून नायट्रोजनखाली ठेवावं लागतं, आणि चामडीतनं अंगात जातं, थोडं जास्त गेलं तर माणूस मरतो. म्हंजे उसाचं गुऱ्हाळ टाकल्यासारखं हे काम नाही. आयटीसीनं यासाठी आयटीसी इंडिव्हिजन नावाची वेगळी कंपनीच काढलीय आणि म्हैसूरला प्लांट टाकून माल एक्स्पोर्टला देतात, तेव्हा तुमच्या छोट्या कंपनीसमोर पैलवान कोण उभा आहे ते आधी बघून ठेवा.

दुसरा धंदा औषधाचा, गम आणि गोळ्या. सिप्लाचा निकोटेक्स मेडिकलात दिसतो तो हाच. यात २ मिलीग्रॅमचं गम चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ मिलीग्रॅमला डॉक्टरची चिठ्ठी लागते. तंबाखू सोडवायची ही औषधं २०२२ साली सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत पण आली.

तिसरा धंदा शौकाचा, पाऊच आणि वाफ, आणि सगळ्यात जास्त गोष्टी याच्याच सांगितल्या जातात कारण अमेरिकेत यात पैसा दिसलाय. आपल्याकडं मात्र ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्यानं पूर्ण बंदी आहे, विकायला तर आहेच पण बनवायला, आयात करायला, एक्स्पोर्ट करायला, साठवायला, जाहिरात करायला सुद्धा. पहिल्यांदा बनवताना किंवा विकताना सापडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून कुठल्या कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये "आम्ही भारतात बनवून बाहेर पाठवू" असं वाफेच्या यंत्राबद्दल लिहिलेलं दिसलं तर ते प्रेझेंटेशन मिटवा आणि चहा प्यायला जा. पाऊचचं पण इथं सरळ नाही, कारण खाण्याच्या वस्तूत तंबाखू किंवा निकोटीन घालायचं नाही हा अन्नसुरक्षेचा नियम २०११ चा आहे, त्याच नियमावर महाराष्ट्रात २०१२ ला गुटखा बंद झाला. (बंद झाला म्हंजे कागदावर, टपरीवरचं तुम्हाला माहितीय.)

आता धीराकडं येतो.

बाकीच्या धंद्यात गिऱ्हाईक आवडलं तर माल घेतं, न आवडलं तर घेत नाही, सहा महिन्यात निकाल. निकोटीनमध्ये गिऱ्हाईकाच्या आधी सरकारी साहेब बसलेला असतो. औषध म्हणून विकायचं तर माल टिकतो का हे दाखवावं लागतं, त्यात ४० डिग्री गरमीत सहा महिने ठेवून बघायची टेस्ट असते आणि साध्या तापमानाचा साधारण वर्षभराचा डेटा लागतो, आणि वर्षभराचा डेटा गोळा करायला वर्षच लागतं, कितीबी पैसा ओता. त्यानंतर फाईल, मग प्रश्न, मग इन्स्पेक्शन, मग परत प्रश्न. निकोटीनचं गम कसं आलं बघा. स्वीडनमध्ये १९६७ ला कल्पना निघाली, पाणबुडीतल्या सैनिकांना आत सिगारेट ओढता येत नव्हती तर ते तंबाखू चघळायचे, त्यावरून एका शास्त्रज्ञानं दुसऱ्याला पत्र लिहिलं. पहिली परवानगी मिळाली १९७८ ला, स्वित्झर्लंडमध्ये. अमेरिकेत १९८४. अलीकडचं बघायचं तर झिन नावाचे पाऊच, अमेरिकेत विक्रीला आले २०१४ ला, आणि तिथल्या एफडीएनं (औषधं, तंबाखू असल्या मालाला परवानगी देणारं सरकारी खातं) त्यांना अधिकृत परवानगी दिली जानेवारी २०२५ ला. दोन्हीकडं अकरा वर्षं. योगायोग असेल, पण मेहुण्याला मी हाच आकडा दोनदा वाचून दाखवला.

मग सगळे म्हणतात, बरं, अकरा वर्षं थांबू, आम्ही धीराची माणसं आहोत. इथंच गल्लत होते. तुम्ही थांबाल हो. कंपनी थांबू शकणार का?

आमच्या दोन गिऱ्हाईकांचं सांगतो, नावं नकोत. दोघंही चादरवाले, दोघांनी एकाच वर्षी कर्ज काढून टॉवेलचे रॅपियर लूम घेतले, परदेशी बायरसाठी. बायर म्हंजे तुम्हाला माहितीय, सॅम्पल पाठवा, धुवून बघणार, रंग उतरला म्हणणार, परत पाठवा. एकानं जुने चादरीचे माग चालू ठेवले होते, बारीक नफा यायचा पण दर महिन्याला बँकेचा हप्ता त्यातनं जायचा. दुसऱ्यानं जोशात जुने माग भंगारात काढले, म्हणला आता फक्त एक्स्पोर्ट. ऑर्डर दोघांना पण आली, दीड वर्षानं. पण दुसरा तोवर अकराव्या महिन्यातच बसला होता, बँकेनं नोटीस चिकटवलेली. माल त्याचाच चांगला होता, हे मी दोघांची पुस्तकं लिहिल्यामुळं सांगतो, रिजेक्शन त्याचं कमी होतं.

झिन बनवणारी स्वीडिश मॅच तशी पहिल्या गिऱ्हाईकासारखी होती. स्नूस म्हणून ओठाखाली ठेवायची त्यांच्याकडची तंबाखू आणि काड्यापेट्या, असला जुना पैसा देणारा धंदा हाताशी होता, म्हणून पाऊचला वर्षानुवर्षं वेळ देता आला, आणि २०२२ ला फिलिप मॉरिस या सिगारेटवाल्या कंपनीनं ती कंपनी साधारण १,६०० कोटी डॉलरला उचलली. उलटं उदाहरण पण अमेरिकेतलंच. ट्वेंटी सेकंड सेंच्युरी ग्रुप नावाची छोटी कंपनी, हिनं तंबाखूचं असं झाड केलं की ज्यात निकोटीन ९५ टक्के कमी. कल्पना एकदम भारी, आणि लोकांनी धीर पण धरला, आणि डिसेंबर २०२१ ला एफडीएनं "कमी ओढायला मदत होते" असं पाकिटावर लिहायची परवानगी पण दिली! धीराचं फळ मिळालं की नाही? नाही मिळालं. परवानगी आली पण माल खपला नाही, तोटा चालूच, तोटा भरायला नवे नवे शेअर काढायचे, भाव पडायचा, आणि एक्स्चेंजवर टिकण्यापुरता भाव वर दिसावा म्हणून जुने शेअर एकत्र करायचे. जुलै २०२३ ला १५ चा एक केला. एप्रिल २०२४ ला १६ चा एक. डिसेंबर २०२४ ला १३५ चा एक. गुणाकार करा, ३२,४०० येतो. म्हंजे २०२३ च्या जूनमध्ये ज्याच्याकडं ३२,४०० शेअर होते त्याच्याकडं दीड वर्षानं एक शेअर. एक. त्या माणसाच्या धीरात काय कमी होतं सांगा.

मोठ्यांचं पण होतं बरं का, अल्ट्रियासारख्या अमेरिकेतल्या सिगारेट कंपनीनं २०१८ ला जूल या ई-सिगारेट कंपनीच्या ३५ टक्क्यासाठी १,२८० कोटी डॉलर दिले आणि २०२३ ला तो हिस्सा काही पेटंटच्या हक्काच्या बदल्यात सोडून दिला. पण अल्ट्रिया पडली नाही, कारण घरात सिगारेटचा पैसा येतो. छोटी कंपनी असल्या एका फटक्यात जाते.

मग कंपनीचा धीर बघायचा कुठं? वार्षिक अहवालात, आणि खरं सांगतो, चेअरमनचं भाषण आणि हिरव्या पानांचे फोटो सोडून सरळ मागं जायचं. कॅश फ्लोचं पान काढायचं. नफ्याचा आकडा कागदावरचा असतो, धंद्यातनं खरोखर रोकड किती आली ते इथं दिसतं. जुन्या धंद्यातनं वर्षाला समजा ६ कोटी रोकड येते आणि नवा प्लांट ६० कोटीचा आहे, तर उरलेले पैसे येणार कुठनं? कर्जातनं किंवा तुमच्यातनं. तिसरी जागा नाही.

तुमच्यातनं म्हंजे कसं ते बघा, कारण हे लोक विसरतात. समजा कंपनीचे १ कोटी शेअर आहेत आणि नफा ५ कोटी, म्हंजे एका शेअरमागं ५ रुपये. पाच वर्षांत निकोटीन चाललं, नफा दुप्पट झाला, १० कोटी, पेपरात बातमी, मेहुणा पेढे घेऊन हजर. पण मधल्या काळात पैसे उभे करायला आणखी १ कोटी शेअर काढले असतील तर आता एका शेअरमागं परत ५ रुपयेच. कंपनी डबल झाली आणि तुम्ही आहे तिथंच. वॉरंट नावाचा प्रकार तर नक्की शोधा, त्यात प्रमोटर (कंपनीचा मूळ मालक) किंवा त्याच्या ओळखीचे लोक आज २५ टक्के पैसे भरतात आणि उरलेले १८ महिन्यांत भरून शेअर घ्यायचा हक्क ठेवतात. वाईटच असतं असं नाही, प्रमोटर स्वतःच्या खिशातनं चढ्या भावात घालत असेल तर चांगली खूण आहे, पण भाव पडला की वॉरंट सोडून देतो आणि चढला की घेतो असं मागं केलेलं असेल तर समजून जा.

दुसरी गंमत प्लांट चालू झाल्यावर होते. बांधकाम चालू असतं तोवर त्याचा बराचसा खर्च, व्याजासकट, ताळेबंदात एका कोपऱ्यात "काम चालू" म्हणून बसलेला असतो, नफ्याला झळ लागत नाही. ज्या दिवशी प्लांट चालू झाला असं जाहीर होतं त्या दिवसापासून घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी धरायचा खर्च) आणि व्याज नफ्यातनं कापायला सुरुवात, आणि विक्री तर सुरुवातीला क्षमतेच्या चौथाई पण नसते. म्हंजे चांगली बातमी आली आणि पुढच्या दोन-तीन तिमाहीत नफा घटला असं होतं, लोक घाबरून विकतात. जो आधीच हे समजून बसलाय त्याचा धीर इथं कामाला येतो, आणि माझ्या मते छोट्या कंपनीत खरा स्वस्त भाव मिळाला तर याच खड्ड्यात मिळतो, प्लांटच्या भूमिपूजनाला नाही.

इथं गावातलंच उदाहरण देतो, निकोटीनचं नाही पण केमिकलचं. बालाजी अमाईन्स आपल्या सोलापूरची, १९८८ ची कंपनी. २०२० च्या मार्चमध्ये शेअर तीनशेच्या खाली होता, २०२१ च्या ऑक्टोबरच्या आसपास पाच हजार. तेव्हा पार्क चौकात चहा प्यायला गेलं तरी कुणीतरी सांगायचं, मी घेणार होतो हो. पण तो घेणार होतो म्हणणारा माणूस हे सांगत नाही की पुढच्या दोन वर्षांत तोच भाव निम्म्याच्या खाली आला. कंपनी तीच, माणसं तीच. ज्यानं तीनशेला घेतला त्याला निम्मा झाला तरी फरक नाही, ज्यानं पाच हजाराला ऐकून घेतला तो अजून "लाँग टर्म" आहे.

मी पण होतो हो असा लाँग टर्म. २०१७ च्या शेवटी एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून एक छोट्या कंपनीचा शेअर घेतला, नाव राहू द्या, २०१८ ला लोअर सर्किट लागायला सुरू झालं. लोअर सर्किट म्हंजे काय हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं, स्क्रीनवर भाव दिसतो, तुम्ही विकायला लावता, आणि समोर घेणारा कुणीच नाही, उद्या परत तेच. सोळा दिवस सकाळी सव्वानऊला बसून मी हे बघितलंय. नंतर विकता यायला लागलं तेव्हा मी म्हणलं आता काय विकायचं, लाँग टर्म ठेवू. पाच वर्षं ठेवला. त्याला मी धीर म्हणत होतो, खरं तर तोटा बायकोला सांगायचा नव्हता एवढंच होतं.

म्हणून मेहुण्याला एकच काम सांगितलं. शेअर घ्यायच्या आधी एका कागदावर लिही, तू कशाची वाट बघणार आहेस आणि कधीपर्यंत. भाव लिहायचा नाही. कंपनीनं स्वतः सांगितलेल्या गोष्टी लिहायच्या, प्लांट कधी, टिकाऊपणाचा डेटा कधी पूर्ण, कुठल्या देशात फाईल कधी, पहिली ऑर्डर कधी, आणि सगळ्यात मोठी, त्याच गिऱ्हाईकाची दुसरी ऑर्डर कधी. पहिली ऑर्डर ओळखीवर मिळते, दुसरी मालावर. तारीख एकदा चुकली तर कारण वाच, सरकारी उशीर असेल तर चालतं, या धंद्यात तो येणारच. पण तारीख चुकली आणि पुढच्या अहवालात ती गोष्टच गायब, तिच्या जागी आता "ग्रीन एनर्जी", तर मग विकायचं, तोट्यात असलं तरी. आणि पैसे किती घालायचे? सगळे गेले तर घरात भांडण होणार नाही एवढे. वर्षभरानं विकलं तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स आहे, पण आधी नफा तर होऊ द्या.

रविवारी मेहुणा घरी आला, कागद घेऊन. ओट्यावर बसून मला वाचून दाखवत होता, प्लांट अमुक महिन्यात, फाईल तमुक महिन्यात, क्षमता इतके टन. मावशी शेजारी विड्या वळत बसलेल्या, ऐकत होत्या का नव्हत्या कुणास ठाऊक. मधेच मान वर न करता म्हणाल्या, "आणि चुरा कुठनं घेणार रे बाबा ते? निपाणीचा का गुजरातचा? इथं चांगली तंबाखू मिळायची मारामार."

मेहुण्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं लिही.

दोन दिवस अहवाल उलटापालटा केला, कच्च्या मालाबद्दल एक ओळ होती, "मुबलक उपलब्ध". त्यानं कंपनीच्या इन्व्हेस्टर खात्याला मेल टाकलाय, कुणाकडनं घेणार, किती महिन्यांचा साठा, करार आहे का. शेअर अजून घेतला नाही. कागदावर मावशींचा प्रश्न आता पहिल्या नंबरला आहे, बाकीचे खाली सरकलेत, आणि मेलचं उत्तर काय येतं ते बघतोय.